ओल्या वाळूवरचं तिसरं कडं

परत आल्यापासून आमच्या आळीतली प्रत्येक बाई मला एकच प्रश्न विचारते, "समुद्र कसा असतो हो?" मी सांगते, मोठा असतो, खारट असतो आणि कुणी ऐको न ऐको सारखा बोलत असतो, अगदी आमच्या शाळाकमिटीच्या अध्यक्षांसारखा. बायका हसतात आणि निघून जातात. खरं म्हणजे मी समुद्र पाहायला गेलेच नव्हते. मी काठीची परीक्षा द्यायला गेले होते. ती हकिगत विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही, म्हणून आपणच लिहून काढते.

मी कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. माझ्या वडिलांची तालीम होती. मुलगा नसल्यामुळे त्यांनी सगळी हौस माझ्यावर भागवून घेतली. परकर खोचून मी त्यांच्याकडे काठी फिरवायला शिकले. लग्न झालं, शाळेत लागले, तरी हात सुटला नाही. मुलींसाठी काठीचा वर्ग काढावा असं दोन वर्षं कमिटीला विनवत होते. गावात तंबूतला बोलपट आला तेव्हा लेकींना घेऊन पहिल्या रांगेत बसणारे हेच लोक, पण मुलीच्या हातात काठी म्हटलं की त्यांना संस्कृती आठवे. शेवटी अध्यक्ष दात दाखवून म्हणाले, "बाई, तीनकडी शिक्षक आणा, उद्या मैदान देतो." तीनकडी पुरुष मुलींना शिकवायला कमिटीलाच चालणार नव्हता आणि तीनकडी बाई अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. म्हणजे 'नाही' म्हणायचीच ही सभ्य रीत होती.

हे तीनकडी प्रकरण आधी सांगायला हवं. माझे वडील ज्यांच्या हाताखाली शिकले त्या आमच्या गुरुजींच्या परंपरेत परीक्षा झाली की काठीला पितळेचं कडं बसवतात. पहिलं कडं स्वतःचा बचाव करता आला म्हणजे, दुसरं दोघांशी खेळता आलं म्हणजे आणि तिसरं दुसऱ्याला शिकवता आलं म्हणजे. दोन कडी मला घाटावरच मिळाली होती, कारण थंडीत गुरुजी साताऱ्याला येऊन परीक्षा घेत. तिसऱ्या कड्यासाठी मात्र काशीदच्या समुद्रकाठी वैशाखात शिबिराला जावं लागतं. का, ते पुढे येईलच.

यजमानांना कचेरीतून रजा मिळेना. बाईमाणसानं एकटीनं इतक्या लांब जायचं कसं, असा घरात खल सुरू झाला. तेवढ्यात माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्या चुलीपुढून म्हणाल्या, "मी जाते संगं. मलाबी कोण इथं हळदीकुंकवाला बोलावतंय?" वैधव्याला वीसेक वर्षं झालेली, तोंड तिखट, हात त्याहून तिखट. मला सोबत होणार की पहारा, हे तेव्हा कळेना.

मांडवा

मुंबईपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली आणि आत्याबाईंनी दर्याला हात जोडून शेंगदाण्याचा एक लाडू पाण्यात टाकला. बंदर मागे पडेपर्यंत मी मोठ्या ऐटीत कठड्याशी उभी होते. त्यानंतर बोट हलायला लागली आणि माझ्या ऐटीचं काय झालं ते न सांगितलेलंच बरं. दोन कड्यांची मास्तरीण आत्याबाईंच्या मांडीवर डोकं टाकून ओकाऱ्या काढत होती आणि त्या स्वतः शांतपणे चटणीभाकरी खात होत्या. मधूनच माझ्या कपाळाला हात लावून आजूबाजूच्यांना सांगत, "लई तालीम झालेली हाय हो हिची."

मांडव्याला बोट काठाला लागत नाही. लांबच थांबते, मग होडीत उतरायचं आणि होडीतून खलाशांच्या खांद्यावर बसून किनाऱ्यावर. शहरातल्या बायकासुद्धा बिनतक्रार खांद्यावर बसत होत्या. आत्याबाईंनी मात्र पुढे आलेल्या खलाशाकडे असं पाहिलं की तो बिचारा दोन पावलं मागे सरला. "परक्याच्या खांद्यावर मी मेल्यावर जाईन," असं म्हणून त्यांनी लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यातून सरळ चालू लागल्या. मी काठ्यांची मोळी डोक्यावर घेऊन त्यांच्या मागून गेले. लाटेनं पाय ओढला जात होता, पण पायाखाली घट्ट जमीन होती आणि माझ्या जिवात जीव आला.

खाडीपलीकडे

अलिबागेत फक्त पाणी प्यायला थांबलो. कचेऱ्या, वकिलांच्या पाट्या, कोर्टाबाहेर सावली धरून बसलेली माणसं, म्हणजे आमच्या साताऱ्याचंच चित्र, फक्त मागे माड लावलेले. तिथून बैलगाडीनं रेवदंडा आणि रेवदंड्याला तरीतून खाडी ओलांडली. पलीकडे जंजिऱ्याच्या नबाबाची हद्द लागते. नाक्यावरच्या शिपायानं आमची मोळी पाहिली आणि त्याचे कान उभे राहिले. आमच्या इंग्रजी मुलखात काय, नबाबाच्या मुलखात काय, काठ्या म्हटल्या की हल्ली सरकारला झोप येत नाही.

"इतक्या काठ्या कशाला, बाई?" त्यानं विचारलं.

मी परवानगीचा कागद शोधत पिशवीत हात घातला, तोवर आत्याबाई म्हणाल्या, "म्हशी हाकाया."

"म्हशी कुठंयत?"

"म्हशी घरला हायत. काठ्या हातात न्हाईत तर आमास्नी चालायाच येत न्हाई, सवय हाय."

शिपाई पोट धरून हसला. जाताना आम्हाला त्यानं कोकमाचं सरबत पाजलं आणि काशीदच्या वाटेवर कुठल्या विहिरीचं पाणी गोड आहे तेही सांगितलं. आत्याबाईंना सरबत इतकं आवडलं की नबाबाचं राज्य चांगलं चाललेलं दिसतं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

काशीद

डोंगर उतरून गाडी खाली आली आणि तो किनारा दिसला. पांढरीशुभ्र वाळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्याकडे दोन-दोन नद्यांचा संगम आहे, त्याचा आम्हाला केवढा अभिमान. पण इथं एका बाजूला पाण्याला काठच नव्हता. आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून सगळीकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् पेरायला एक थेंब उपयोगाचा न्हाई." शेतकऱ्याची लेक ती, तिला दुसरं काय सुचणार?

शिबिर माडांच्या वाडीत होतं. झावळ्यांची झापं विणून पुरुषांसाठी मांडव घातले होते. बायका आम्ही मोजक्याच. आम्हा दोघींची सोय हिरूबाई नावाच्या कोळणीच्या पडवीत केली होती. हिरूबाईचा नवरा आणि मुलगे होडीवर, सुना मासळीवर, आणि हिरूबाई सगळ्यांवर. पहिल्याच संध्याकाळी तिनं तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. आमची ज्वारीची भाकरी दाताला काम देते, ही भाकरी जिभेवर ठेवली की संपते. बोंबील तर भाकरीच्याही आधी संपतो. आत्याबाईंनी आयुष्यात कोयनेचे काटेरी मासे सोडून दुसरं मावरं पाहिलं नव्हतं. त्या ताटात काटा शोधत राहिल्या, म्हणाल्या, "ह्याला हाडच न्हाई, ह्यो जगतो तरी कसा?"

"मऊ असला तरी दर्यात ऱ्हातोय न?" हिरूबाई म्हणाली. त्या क्षणापासून दोघींचं जमलं.

पहाटे शंख वाजायचा. मग वाळूतून धावणं, बैठका आणि सूर्य वर येईपर्यंत काठी. दुपारी झापाखाली विश्रांती, उन्हं कलली की पुन्हा काठी. गुरुजी म्हणजे सत्तरीकडे झुकलेले, काटक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. आवाज कधी चढवत नसत. त्यांच्याकडे एक नियम फार कडक होता. गावात कुणी कितीही मोठा उस्ताद असो, शिबिरात पहिले तीन दिवस त्यानं पहिल्या रांगेतल्या नवख्यांबरोबर पहिलाच पवित्रा गिरवायचा. पवित्रा म्हणजे काठीच्या खेळातली पाय टाकण्याची पद्धत. मुंबईच्या गिरणीतला दगडू पैलवान माझ्यासारखाच तिसऱ्या कड्यासाठी आला होता. मुंबईत त्याच्या हाताखाली पन्नास पोरं खेळत. तोही मुकाट्यानं पोरांच्या ओळीत पाय सरकवत होता. "बाई," तो मला म्हणाला, "गिरणीत पण असंच. जाबर मुकादम असो का मास्तर, भोंगा सगळ्यांना एकच."

आता तिसऱ्या कड्याची परीक्षा कशी असते ते सांगते. उमेदवारानं स्वतः खेळून दाखवायचं नसतं. ज्यानं जन्मात काठी धरलेली नाही असं एक माणूस घ्यायचं, शिबिर संपेपर्यंत त्याला 'चौमुखी' शिकवायची, म्हणजे चार दिशांना तोंड करून वार अडवत पुन्हा मूळ जागी यायचं. शेवटच्या दिवशी ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर ते माणूस एकटं खेळतं. शिक्षकानं बाजूला उभं राहायचं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. खेळ झाला की गुरुजी वाळूत उतरतात आणि उमटलेली पावलं वाचतात. काठी कशी फिरली याकडे ते बघतही नाहीत. त्यांचं म्हणणं असं की हात नक्कल करू शकतो, पाय शिकवल्याशिवाय येत नाहीत. घाटावर ही परीक्षा होत नाही, कारण आमच्या काळ्या मातीत पाऊल एक तर रुतून बसतं किंवा उमटतच नाही.

मी हिरूबाईच्या पुतणीला विद्यार्थिनी म्हणून हेरलं होतं. सोळासतराची, चपळ, पायानं हलकी. दोन दिवस ती आली आणि झकास पाय टाकायला लागली. मी मनातल्या मनात तिसरं कडं काठीला बसवूनही टाकलं. तिसऱ्या दिवशी होड्यांना बोंबील लागला. पावसाळा तोंडावर आलेला. त्याआधी जेवढं वाळेल तेवढंच चार महिने पुरायचं. अख्खा कोळीवाडा बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील अडकवायला लागला. मी पोरीला बोलवायला गेले, तर हिरूबाईनं मान हलवली.

"न्हाय व्हायचं, बाय. आता माजी म्हातारी आय उठली मसणातनं तरी तिला बोंबील लावाया लावीन मी. पोर न्हाय मिलनार."

तिचं खरं होतं. पण माझ्या पायाखालची वाळू सरकली. आसपासच्या वाड्यांतले जे मोकळे हात होते ते बाकीच्या उमेदवारांनी आधीच धरले होते. दगडूनं तर माडावर चढणारा एक तरणाबांड गडी पकडला होता. मी गुरुजींपुढे गेले. ते म्हणाले, "काठी न धरलेलं कुणीही चालेल. वयाची अट नाही."

पडवीत आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अशी का बगतीस? मी न्हाई हां. म्हातारपणी काठी टेकायाला घेत्यात, फिरवायाला न्हाई."

"मग चला उद्या परत. कमिटीला सांगू, नाही जमलं."

अध्यक्ष जेव्हा दात दाखवून 'तीनकडी शिक्षक आणा' म्हणाले, तेव्हा आत्याबाई शाळेच्या पायरीवर माझा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते हसणं ऐकलं होतं. "त्या दात विचक्याच्या म्होरं रिकाम्या हातानं जायाचं?" असं पुटपुटत त्या उठल्या आणि कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "आण ती काठी."

मी शिकवायला लागले, ते शाळेत शिकवतात तसं. होशियार! डावा पाय पुढे! एक, दोन, फिर! आत्याबाई डावा म्हटलं की उजवा टाकायच्या, फिर म्हटलं की थांबायच्या आणि थांब म्हटलं की मला विचारायच्या, "आता का गं थांबायचं, लागलेलं तर न्हाई." तीन दिवस हे चाललं. माझा आवाज चढत गेला. शेवटी त्यांनी काठी वाळूत खुपसली. "तुझी साळा तुझ्यापाशी. मी पोरगी न्हाई, तुझी सासू हाय!" आणि तरातरा निघून गेल्या. लांबून दगडूचा गडी चौमुखी करताना दिसत होता, काठी नुसती गरगरत होती. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. आमच्या शाळेतल्या पोरींची तोंडं डोळ्यांपुढे येत होती आणि मी चरफडत होते.

दुपारी मासळी लावून झाल्यावर कोळीवाड्यातल्या पोरी अंगणात झिम्मा-फुगडी खेळायला लागल्या. आत्याबाई पडवीत भिंतीला टेकून रुसल्यासारख्या बसल्या होत्या. माझी नजर सहज त्यांच्या पायांकडे गेली. तोंड घट्ट मिटलेलं, हात मांडीवर, पण पायाचे अंगठे जमिनीवर ठेका धरून होते. डावा, उजवा, डावा आणि मध्येच एक मागे. मी हिरूबाईला कोपरानं ढोसलं. तिनंही पाहिलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुम्ही पंचमीला झिम्मा खेळायच्या?"

"खेळायची? अगं, आमच्या फेरात माझ्याबिगर पाऊल उचलत न्हवतं कुणी." मग त्यांचा आवाज उतरला. "मामंजींच्या माघारी त्यो नाद सुटला, म्हंजे सोडावाच लागला. मोकळ्या कपाळाची बाई फेरात कोण घेतंय?"

माझ्या सासऱ्यांना त्याही 'मामंजी' म्हणायच्या, सुनेपुढे नवऱ्याचं नाव काढायला नको म्हणून. हिरूबाईला मात्र असले प्रश्न पडत नाहीत. तिनं आत्याबाईंचा हात धरून खेचला. "चल उठ, बाय. ह्यो दर्या बग. त्याला ठाव हाय काय, कोन सवाशीण नि कोन रांडाव?"

आत्याबाई उठल्या. पहिल्या दोन टाळ्या चुकल्या. तिसरीला पाय जमिनीला लागले आणि मग मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ती साठीला आलेली बाई वळत होती, मागे सरत होती, गिरकी घेऊन बरोब्बर होती तिथं येत होती, टाचेचा भार न टाकता. पोरी खेळायच्या थांबल्या आणि बघत राहिल्या. मला एकदम उमजलं की चौमुखीला हेच तर पाय लागतात. माझे हुकूमच काय ते मध्ये येत होते.

त्या संध्याकाळपासून मी होशियार आणि फिर बंद केलं. नुसती समोर उभी राहून झिम्म्याच्या टाळ्या द्यायला लागले. पहिले दोन दिवस काठीच दिली नाही, फक्त पाय. त्या मनात कुठलंसं पंचमीचं गाणं म्हणत असाव्यात, ओठ हलायचे. मग हातात काठी दिली आणि सांगितलं, ही तुमच्या समोरच्या गड्याची टाळी आहे असं समजा. काठी जड जायची, घामानं हातातून निसटायची, पण पाय चुकेनात. हिरूबाई बोंबील लावता लावता ओरडायची, "जोरान, घाटावरची!" रात्री मी त्यांचे पाय चेपायला बसले तर त्यांनी नको म्हटलं नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, ही पहिलीच वेळ.

परीक्षेचा दिवस

सकाळी पाणी लांब गेलं आणि किनारा ओला, गुळगुळीत उघडा पडला. सगळं शिबिर आणि निम्मा कोळीवाडा कोरड्या वाळूवर बसला. आधी दगडूच्या गड्याचा खेळ झाला. काठी अशी फिरली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. गुरुजी वाळूत उतरले, वाकून वाकून पाहत फिरले आणि म्हणाले, "दगडू, ये इकडे. टाच बघ कशी रुतलीय. इथं तोल गेला, इथं सावरलाय आणि मूळ जागी आलाच नाही." दगडूनं पाहिलं आणि मान खाली घातली. पुढच्या वर्षी ये, असं गुरुजींनी त्याला सांगितलं.

मग आत्याबाई उतरल्या. लुगड्याचा काष्टा कसून मारलेला, कपाळ मोकळं, पायांत काही नाही. लोकांत खसखस पिकली. मी ओठ मिटून बाजूला उभी होते. आत्याबाईंनी पूर्वेला तोंड केलं, मागे वळून दर्याकडे एकदा पाहिलं आणि सुरू केलं. पहिली दिशा झाली. दुसरी झाली. तिसऱ्या दिशेला वळताना काठी त्यांच्या ओल्या हातातून सुटली आणि चार हातांवर जाऊन पडली.

माझ्या तोंडून शब्द निघणार होता, मी पदर तोंडात कोंबला. काठीमागे धावतील, थांबतील, माझ्याकडे वळून पाहतील, असं काहीबाही मनात आलं. आत्याबाई थांबल्याच नाहीत. हात रिकामे, पण पाय आपले चालूच. तिसरी दिशा पुरी केली, गिरकी घेऊन चौथीला वळल्या, मागे सरल्या आणि बरोब्बर मूळ जागी येऊन उभ्या राहिल्या. मग सावकाश चालत जाऊन काठी उचलली आणि वाळू झटकली.

"काठी पडली!" दगडू उभा राहून म्हणाला. त्याच्या आवाजात कावा नव्हता, पैलवान माणूस, नियमाचा पक्का. "गुरुजी, रणात काठी पडली म्हंजे माणूस पडला. हे पास कसं व्हायचं?"

लोक कुजबुजायला लागले. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. गुरुजी वाळूत उतरले. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "दगडू, इकडे ये. काठी कुठल्या पावलाला पडली, ते दाखव."

दगडू आला. वाकला. एकेक पाऊल बघत पुढे गेला, मग मागे आला, मग गुडघ्यावर बसून बघायला लागला. सगळी पावलं सारखी. कुठे खोल नाही, कुठे घसरलेलं नाही, कुठे अडखळलेलं नाही. शेवटी तो उठला, गुडघ्याची वाळू झाडली आणि मोठ्यानं म्हणाला, "न्हाई सापडत, गुरुजी. काठी पडल्याचं पायांना ठावंच न्हाई."

"मग शिकवणारीला काय द्यायचं?"

"कडं," दगडू म्हणाला, आणि माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले.

त्याचं मोठेपण मी कधी विसरणार नाही. गुरुजींनी माझी काठी मागून घेतली आणि पितळेचं तिसरं कडं स्वतःच्या हातानं ठोकून बसवलं. घाटावर आणि घाटाखाली त्यांनी आजवर कुठल्या बाईच्या काठीला तिसरं कडं बसवलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले. मला वडील आठवले, शाळेतल्या मुली आठवल्या, कमिटीचं मैदान डोळ्यांपुढे आलं आणि अभिमानानं ऊर इतका भरून आला की आता फुटतो की काय असं वाटलं. असं वाटलं हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "आन् माझं?"

सगळे वळले. आत्याबाई काठी टेकून उभ्या होत्या.

"तुमचं काय, बाई?" गुरुजींनी विचारलं.

"कडं. नाचले मी, घाम गाळला मी, काठी पडली ती माझी. आन् पितळ हिच्या काठीला? हा कुठला न्याय?"

हशा पिकला. गुरुजीही मिशीत हसले. "बाई, पहिल्या कड्याची परीक्षा निराळी असते. समोरच्याचा वार अडवावा लागतो. पुढच्या वर्षी या."

"पुढल्या वर्साचं कुणी बगितलंय? मी काय दमले न्हाई." आणि आत्याबाईंनी दोन्ही हातांत काठी धरून पाय मांडले, डावा पुढे, टाच उचललेली, जसं मी शिकवलं होतं तसं. "मारा कुणी मारायचं ते."

हिरूबाई बोंबलाची पाटी टाकून पुढे आली. दगडूही पुढे सरकला. गुरुजींनी क्षणभर आत्याबाईंच्या पायांकडे पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं आणि आपली काठी मागितली.

आता नागपंचमी होऊन गेली आहे. मैदानावर मुलींचा वर्ग रोज संध्याकाळी भरतो. अध्यक्षांची नातही येते. आमच्या सोप्यात कोपऱ्यात दोन काठ्या उभ्या असतात, एकीला तीन कडी आणि दुसरीला एक. घरी कुणी आलं की आत्याबाई आधी आपली काठी दाखवतात आणि माझी दाखवायचं बहुतेक वेळा विसरतात.